फुफ्फुसातली गाठ आणि कपाटातली सीडी



मागच्या वेळी आपण गुडघ्यांविषयी बोललो. या वेळचा विषय मी निवडलेला नाही, त्यानेच मला गाठलं.

सध्या मी लेकीकडे बहरीनला आले आहे. मनामा शहराच्या हूरा भागात ती आणि जावई राहतात. इथला हिवाळा आपल्या अलिबागसारखा, सकाळी शाल घ्यावी एवढाच. संध्याकाळी समुद्राकडे फेरी मारायची, हा माझा नेम. जानेवारीत खोकला धरला आणि तो पंधरा दिवस झाले तरी जाईना, म्हणून लेक मला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. बराच वेळ पाहून म्हणाले, "खोकल्याचं काही विशेष नाही, पण उजवीकडे वरच्या बाजूला काहीतरी गोल दिसतंय. सीटी स्कॅन करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सीटी झाला. टेबलावर झोपवणारी सिस्टर केरळची होती. मीही एके काळी सिस्टर होते म्हटल्यावर तिने माझ्या डोक्याखाली उशी जरा जास्तच प्रेमाने सरकवली. पाच मिनिटांत काम झालं. संध्याकाळी रिपोर्ट आला. लेकीने तो वाचला आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. मी चष्मा लावून पाहिलं. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरचा नोड्यूल, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, पुढील तपासणी करावी.

मुंबईच्या रुग्णालयांत मी ३४ वर्षं काढली आहेत. किती जणांना "घाबरू नका" म्हटलं असेल, त्याची गणतीच नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. छताकडे बघत पडून राहिले आणि मला माझा दादा आठवत राहिला. त्याचं पुढे सांगते. आधी नोड्यूल म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण हा शब्द आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळांच्या रिपोर्टात येणार आहे.

गाठ म्हणजे कर्करोग नव्हे

फुफ्फुसात हवा असते, म्हणून फोटोत ते काळं दिसतं. त्या काळ्यात ३ सेंटिमीटरपर्यंतचा गोलसर पांढरा ठिपका दिसला की त्याला नोड्यूल म्हणतात. त्याहून मोठा असेल तर डॉक्टर वेगळा शब्द वापरतात आणि तपासणीची घाई करतात. तुरीचा दाणा साधारण ६ मिलिमीटरचा धरा, हरभरा ८-९ मिलिमीटरचा, सुपारी दोन-अडीच सेंटिमीटरची. माझी गाठ हरभऱ्याएवढी होती.

हा ठिपका कशाचा असतो? बरा झालेला क्षय, जुना न्यूमोनिया, बुरशीचा संसर्ग, फुफ्फुसातली लहान लसीकाग्रंथी, चरबी आणि कूर्चेची निरुपद्रवी गाठ, आणि काही वेळा कर्करोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या भारतात आहे. आपल्या वयाच्या माणसांच्या छातीत लहानपणी होऊन गेलेल्या क्षयाचा एखादा वण असणं हे गुडघ्यावरच्या जुन्या वणासारखंच आहे. मी स्वतः तरुणपणी क्षयाच्या वॉर्डात ड्यूटी केलेली आहे.

अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्या ५३ हजारांवर माणसांना दोन गटांत वाटलं. एका गटाचा दरवर्षी कमी मात्रेचा सीटी केला, दुसऱ्याचा साधा एक्स-रे. तीन वर्षांच्या सीटी तपासण्यांत दर चारपैकी जवळजवळ एकीत काहीतरी संशयास्पद दिसलं. आणि त्या संशयास्पद निकालांपैकी ९६ टक्क्यांहून जास्त कर्करोग नव्हते. ही झाली धीराची बाजू. दुसरी बाजूही ऐका. सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण जी वाईट असते ती लवकर सापडली तर माणूस वाचू शकतो. म्हणून घाबरायचं नाही आणि विसरायचंही नाही.

कोणता फोटो काय दाखवतो

साधा एक्स-रे म्हणजे छातीची सावली. बरगड्या, हृदय, गळ्याखालचं हाड, सगळं एकावर एक पडलेलं. एक सेंटिमीटरहून लहान गाठ त्यात बरेचदा दिसतच नाही, आणि कधी स्तनाग्राची किंवा जुन्या मोडलेल्या बरगडीची सावली गाठीसारखी दिसते. म्हणून एक्स-रेमध्ये शंका आली की सीटी सांगतात.

सीटी म्हणजे पावाची लादी कापून एकेक काप पाहावा तसं. हे यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरने केलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी निघाला, आणि १९७९ मध्ये त्यांना ऍलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. १९७१ मध्ये मी नर्सिंगची विद्यार्थिनी होते. आमच्या वॉर्डात तेव्हा ओल्या फिल्म्स तारेला चिमट्याने अडकवून वाळवत असत!

नुसती गाठ पाहायला सीटीत बहुधा शिरेतून औषध द्यावं लागत नाही. द्यायचं ठरलं तर मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह किंवा ऍलर्जी असेल ते आधी सांगा. यंत्र रुंद कड्यासारखं असतं, एमआरआयच्या बोगद्यासारखं नाही, तेव्हा जीव गुदमरत नाही. फक्त सांगतील तेव्हा श्वास रोखून धरायचा. श्वास हलला की लहान गाठ पुसट होते आणि माप चुकतं.

किरणांची भीती पुष्कळांना असते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरण मिळतातच. कमी मात्रेच्या सीटीत साधारण दीड, नेहमीच्या छातीच्या सीटीत साधारण पाच ते सात. कारण असेल तर आपल्या वयात याची काळजी करू नये. पण कारण नसताना दर दोन महिन्यांनी "मनाच्या समाधानासाठी" सीटी काढू नये.

तिसरा फोटो पेट स्कॅनचा. यात किंचित किरणोत्सारी साखर टोचतात. ज्या पेशी जोरात काम करतात त्या साखर जास्त खातात, म्हणून फोटोत उजळतात. भारतात हे यंत्र २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये प्रथम आलं, आता मोठ्या शहरांत पुष्कळ ठिकाणी आहे. आधी चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं, पाणी चालतं. मधुमेहींनी औषध-इन्सुलिन कसं घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारून घ्यावं, कारण रक्तातली साखर चढलेली असेल तर फोटो बिघडतो. सुई दिल्यावर तासभर शांत पडून राहायचं, गप्पासुद्धा नकोत. तपासणीनंतर काही तास गर्भवती लेकीसुनांपासून आणि तान्ह्या नातवंडांपासून जरा दूर राहावं.

पण पेटमध्ये गाठ उजळली म्हणजे कर्करोगच, असं नाही. चालू असलेला क्षयही तसाच उजळतो, आणि आपल्याकडे हे वारंवार होतं. उलट ८ मिलिमीटरहून लहान किंवा फार सावकाश वाढणारा कर्करोग बरेचदा उजळत नाही. म्हणून पेट हा शेवटचा शब्द नाही. शंका उरली तर सुईने किंवा दुर्बिणीने तुकडा काढून तपासतात. तो तपासल्याशिवाय नुसत्या फोटोवरून क्षयाची औषधं सुरू होत असतील तर "थुंकीची किंवा तुकड्याची तपासणी झाली का?" एवढं जरूर विचारावं. फुफ्फुसाचा कर्करोग क्षय समजून महिनोन् महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्याची उदाहरणं आपल्या देशात कमी नाहीत.

डॉक्टर गाठीत काय बघतात

आकार तर बघतातच. त्याशिवाय कड बघतात. गुळगुळीत कड बरी, सूर्यकिरणांसारखी काटेरी कड संशयाची. आत चुना भरला आहे का बघतात. गाठीत पूर्ण किंवा अगदी मध्यभागी चुना असला तर ती बहुधा जुनी, बरी झालेली असते. गाठ भरीव आहे की बाथरूमच्या खिडकीच्या दुधी काचेसारखी धूसर, हेही पाहतात. वरच्या भागातल्या गाठीकडे जास्त लक्ष देतात. आणि माणसाचं वय, तंबाखूचा इतिहास, पूर्वी कुठे कर्करोग झाला होता का, हे विचारतात. तंबाखू कधी न ओढलेल्यांनाही हा आजार होतो, बायकांनाही होतो, तेव्हा "मी तर ओढत नाही" म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवू नये.

पुढे कधी तपासायचं, याचं एक वेळापत्रक फ्लायश्नर सोसायटी या छातीच्या फोटोंच्या तज्ज्ञांच्या संस्थेने केलं आहे. २०१७ मध्ये ते सुधारलं. अचानक दिसलेल्या एका भरीव गाठीसाठी ढोबळमानाने ते असं:

६ मिलिमीटरहून लहान: धोका कमी असेल तर पुन्हा तपासायची गरज नाही. तंबाखू वगैरे धोका असेल तर हवा तर १२ महिन्यांनी एकदा.

६ ते ८ मिलिमीटर: ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी, लागला तर १८ ते २४ महिन्यांनी आणखी एक.

८ मिलिमीटरहून मोठी: ३ महिन्यांनी सीटी, किंवा पेट, किंवा तुकड्याची तपासणी. यातलं काय, ते डॉक्टर ठरवतात.

दुधी काचेसारख्या धूसर गाठी सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यावर पाच वर्षं नजर ठेवतात. आणि ज्यांना आधी कर्करोग झालेला आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी केलेली आहे, त्यांना हे वेळापत्रक लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

हे सगळं वेळापत्रक एकाच गोष्टीवर उभं आहे. गाठ वाढते का? कर्करोगाची भरीव गाठ साधारणपणे एका महिन्यापासून वर्षभरात केव्हातरी आकारमानाने दुप्पट होते. दुप्पट म्हणजे ८ ची १६ मिलिमीटर नव्हे, हे लक्षात घ्या. लाडू जरासा रुंद केला तरी पीठ किती जास्त लागतं, ते आपल्या बायकांना माहीत आहे. ८ मिलिमीटरची गाठ १० झाली की ती दुप्पट झालीच. दीड मिलिमीटरचा फरक मात्र मोजण्यातलाही असू शकतो. आणि भरीव गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली, तर ती निरुपद्रवी मानतात.

म्हणजे एका फोटोने गाठ दिसते, पण तिचा स्वभाव कळायला दोन फोटो आणि मधला काळ लागतो.

दादाचा कागद

आता दादाचं सांगते. माझा थोरला भाऊ. तरुणपणापासून विडी ओढायचा. २०१३ मध्ये त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनपूर्वी छातीचा एक्स-रे काढला. हृदय ठीक, भूल द्यायला हरकत नाही, असं ठरलं. ऑपरेशन छान झालं, दादा चार दिवसांत घरी आला. रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की उजवीकडे वर लहान सावली आहे, सीटी करून पाहावा. तो कागद ऑपरेशनच्या फाइलमध्ये गेला आणि फाइल कपाटात गेली. दादाला खोकला नव्हता, दुखत नव्हतं. विचारणार कोण?

दोन वर्षांनी थुंकीतून रक्त पडलं. तेव्हा भाच्याने जुनी फाइल काढली आणि ती ओळ मला दाखवली. दादा २०१६ मध्ये गेला. लवकर कळलं असतं तर तो वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. तसं कोणालाच म्हणता येत नाही. पण दवाखान्यातून घरी येताना ती फाइल माझ्या हातात होती. घरातली नर्स मी, आणि मी शेवटची ओळ वाचली नव्हती. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहिते, कारण तुमच्या कपाटातही अशी एखादी फाइल असेल.

पुन्हा हूऱ्याला

दुसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. पेट, सुईने तुकडा, सगळं ऐकायची तयारी करून गेले होते. त्यांनी आधी विचारलं, "याआधी छातीचा सीटी कधी काढला होता का?"

काढला होता. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट, ठाण्यात. तेव्हा घरोघरी सीटी निघत होते आणि सगळ्यांना एकच आकडा हवा असायचा, पंचवीसपैकी किती. माझा रिपोर्ट मला पाठ होता, त्यात गाठीचा उल्लेख नव्हता. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नको, मला फोटो हवेत. सीडी आहे?"

मी ठाण्याला भाच्याला फोन केला. दादाचा मुलगा. म्हटलं, "अरे, कोविडच्या वेळची माझी सीडी... आता कुठली असणार म्हणा." तो म्हणाला, "आत्या, बाबांच्या नंतर मी या घरातला एकही रिपोर्ट टाकलेला नाही." पेसाखची भांडी ज्या माळ्यावर असतात, तिथे त्याने एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. प्रत्येकाच्या नावाचं पाकीट. तासाभरात सीडी सापडली. मोबाइलने काढलेला फोटो चालत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून भाच्याने सीडीतली सगळी माहिती संगणकावरून लेकीला पाठवली.

डॉक्टरांनी दोन्ही सीटी पडद्यावर शेजारी शेजारी लावले. २०२१ मध्येही ती गाठ तिथेच होती. तेव्हाही ९ मिलिमीटर, आताही ९. त्या दिवसांत रात्रंदिवस ढीगभर सीटी वाचले जात होते, लक्ष सगळं कोविडच्या डागांवर होतं. त्या वाचणाऱ्याला मी दोष देत नाही. रिपोर्टात नव्हती, पण फोटोत होती.

"पावणेचार वर्षांत हलली नाही," डॉक्टर म्हणाले. "जुना वण आहे. हिला आता विसरा." पेट नाही, सुई नाही. लेकीने गाडीत बसल्यावर डोळे पुसले आणि मग आम्ही दोघी समुद्राकडे फेरी मारायला गेलो.

आता तुम्ही काय करायचं

आपल्या समाजातल्या म्हाताऱ्यांचं जगणं हल्ली असं झालं आहे. सहा महिने ठाण्याला, तीन महिने मुलाकडे अश्दोदला किंवा लोदला, मग लेकीकडे आखातात. कपडे बरोबर जातात, रिपोर्ट जात नाहीत. काही जणांकडे तर चांदी निघते म्हणून जुन्या फिल्म्स भंगारवाल्याला दिल्या जातात. तेव्हा या महिन्यात एवढं कराच:

१. छातीचे सगळे जुने एक्स-रे आणि सीटी शोधा. नोकरीसाठी आखातात येताना काढलेले एक्स-रेसुद्धा. प्रत्येकावर तारीख आणि ठिकाण लिहा.

२. नुसता रिपोर्ट ठेवू नका, फिल्म आणि सीडीही ठेवा. नव्या तपासणीनंतर सीडी मागून घ्या. सीडी खराब होते, म्हणून नातवंडांकडून पेन ड्राइव्हवर एक प्रत करून घ्या.

३. दुसऱ्या गावी राहायला जाताना ही प्रत औषधांच्या पिशवीत ठेवा.

४. कुठल्याही कारणाने काढलेल्या फोटोचा रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, नाहीतर वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर लाजू नका.

५. गाठ सापडली तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. किती मिलिमीटर? भरीव की धूसर? जुन्या फोटोशी ताडून पाहिली का? पुढची तपासणी कधी?

६. त्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर घरच्या दिनदर्शिकेवर लिहा, आणि घरातल्या एका तरुण माणसाला सांगा.

खोकल्यातून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त खोकला, कारण नसताना वजन घटणं, आवाज बसणं, दम लागणं, यांपैकी काही असेल तर मात्र तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा. आणि विडी-सिगारेट अजून चालू असेल तर सत्तरीतही सोडल्याचा फायदा होतो.

मी पुढच्या महिन्यात ठाण्याला परत येईन. भाच्याच्या पेटीत माझ्या पाकिटात आता दोन सीडी होतील. दादाचं पाकीटही त्याने अजून काढलेलं नाही.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.

हूरा, बहरीन